का कागज लगही? : अहिवाऱ्यातली काही पानं

९ जून २०२५, सोमवार

शाळा पुढच्या सोमवारी उघडतायत, त्यामुळे बाजारातल्या चॉइस सेंटरवर सकाळपासून गर्दी. आय, जाति, निवास ही तीन प्रमाणपत्रं इथे एका दमात म्हणतात. छत्तीसगड राज्य नवीन असताना सरकारनं 'चॉइस' नावाचा ऑनलाइन सेवांचा प्रकल्प काढला होता. पुढे पोर्टलं बदलली, पाट्या बदलल्या, लोकांच्या तोंडी मात्र दुकानाचं नाव चॉइस सेंटरच राहिलं. हे सेंटर चालवणारा मुलगा माझा जुना विद्यार्थी. कॉलेजला सुटी आहे तोवर मी त्याच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसतो. माणूस आत आल्यावर पहिलं वाक्य काय बोलतो ते त्याच्याच बोलीत वहीत उतरवायचं, आणि शेवटी त्याचा अर्ज कोणत्या सेवेत गेला ते समोरच्या रकान्यात. नाव, पत्ता, आधार नंबर काही लिहायचं नाही.

हे सगळं माझ्याकडे एम. टेक. करणाऱ्या एका मुलीच्या प्रबंधासाठी. माणसानं आपल्या शब्दांत मागणी सांगावी आणि संगणकानं तिच्या जोगती वेब सेवा आपोआप शोधून द्यावी, असा तिचा विषय. विषय पंचवीस वर्षं जुना आहे. त्यावरच्या शोधनिबंधांत उदाहरणं सापडतात ती विमानाच्या तिकिटाची, हॉटेलच्या खोलीची, पुस्तकाच्या किमतीची. आम्हाला दुर्ग जिल्ह्यातली वाक्यं हवीत.

आजच्या पानावरची काही:

"नोनी बर कागज बनवाना हे."

"स्कूल वाले मन मांगत हें."

"बबा के नाव काटना हे."

"पइसा नइ आवत हे."

"मोर जिंदा वाला निकाल दे."

आणि जवळपास प्रत्येकाचं दुसरं वाक्य, कोणते कागद लागतील ते विचारणारं: "का कागज लगही?"

ह्यांतल्या एकाही वाक्यात सेवेचं नाव नाही. ह्या लोकांना हवं ते पोर्टलवर आहे, पण खात्यांच्या नावांखाली, खात्यांच्या भाषेत. लोक घरात काय झालं ते सांगतात. मुलीचं काम ह्या मधल्या जागेत आहे, आणि ती जागा मला बाहेरून वाटत होती त्यापेक्षा पुष्कळ रुंद दिसते.

१० जून, मंगळवार

वटपौर्णिमा. इथल्या बायकांचं वटसावित्रीचं व्रत अमावास्येलाच झालं. पौर्णिमेला वडाला सूत गुंडाळताना कोणी दिसलं की ते घर महाराष्ट्राकडचं, हे अहिवाऱ्यात कोणीही सांगेल. दुपारी घरीच होतो, मुलीच्या विषयावरची जुनी टिपणं काढून बसलो.

२००० साली आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि अरिबा ह्या कंपन्यांनी यूडीडीआय नावाची वेब सेवांची जागतिक नोंदवही जाहीर केली. कंपन्यांनी आपापल्या सेवा तिथे नोंदवायच्या: पांढऱ्या पानांत नाव-पत्ता, पिवळ्या पानांत व्यवसायाचा प्रकार, हिरव्या पानांत सेवा वापरायची तांत्रिक रीत. दुसऱ्या कंपनीचा प्रोग्राम ती वही चाळेल, हवी ती सेवा निवडेल, आणि माणसाचा हात न लागता काम सुरू होईल, अशी कल्पना. २००६ च्या जानेवारीत आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि सॅप ह्यांनी आपल्या सार्वजनिक वह्या मिटल्या.

त्या वहीत शोध घ्यायचा तो नावानं किंवा व्यवसायाच्या सांकेतिक क्रमांकानं. नोंद खरी आहे का, सेवा अजून चालू आहे का, हे तपासायला कोणी बांधलेलं नव्हतं. सेवेचं वर्णन डब्ल्यूएसडीएल भाषेत असायचं, आणि त्या भाषेत आत काय टाकायचं, बाहेर काय येईल ह्यांचे फक्त साचे सांगता यायचे. दोन अक्षरमाळा आत, एक बाहेर. हे वर्णन जन्माच्या दाखल्यालाही बसतं आणि रेल्वेच्या तिकिटालाही.

मे २००१ च्या 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये टिम बर्नर्स-ली, जेम्स हेंडलर आणि ओरा लासिला ह्यांचा सिमँटिक वेबवरचा लेख आला. त्याच्या सुरुवातीच्या गोष्टीत एका आईच्या फिजिओथेरपीच्या वेळा तिच्या मुलांचे संगणकी मदतनीस जुळवून देतात. विमा चालेल असा दवाखाना, घरापासून फार लांब नको, भावंडांना सोडायला जमेल अशी वेळ. लेख आजही वाचावा असा आहे. पण त्या गोष्टीतल्या यंत्राला विमा, अंतर, मोकळी वेळ सगळं आधीच ठाऊक आहे. चॉइस सेंटरच्या दारात उभ्या असलेल्या म्हातारीबद्दल यंत्राला काहीच ठाऊक नसतं.

१२ जून, गुरुवार

मुलगी भिलाईहून आली होती. तिच्याबरोबर २००२ चा तो शोधनिबंध पुन्हा वाचला: मास्सिमो पाओलुच्ची, ताकाहिरो कावामुरा, टेरी पेन आणि कात्या सिकारा. ह्या विषयात शिरणारा प्रत्येक जण ह्या दारातून आत येतो. सेवेचं वर्णन अर्थासकट करावं, म्हणजे आत काय लागतं, बाहेर काय मिळतं, आधी काय खरं असावं लागतं आणि नंतर जगात काय बदलतं हे सांगावं, ही चौकट त्याच काळातल्या डीएएमएल-एस भाषेची. पुढे तिचंच ओडब्ल्यूएल-एस झालं. पाओलुच्ची आणि मंडळींनी त्यावर जुळणीच्या चार पायऱ्या मांडल्या. मागणी आणि सेवा तंतोतंत जुळतात; सेवा मागणीपेक्षा व्यापक आहे; सेवा मागणीपेक्षा अरुंद आहे; जुळतच नाही. गुणानुक्रमही ह्याच क्रमानं.

आम्ही दुसऱ्या पायरीवर बराच वेळ अडलो. व्यापक सेवेला अरुंद सेवेच्या वरचा मान का? गाड्या विकतो म्हणणाऱ्याकडे मोटार मिळेलच, असं ते गृहीत आहे. विक्रेत्याच्या बाबतीत हे चालतं. तहसीलमध्ये चालत नाही. मागणी 'मूल निवासी प्रमाणपत्रा'ची असेल आणि यंत्रानं 'निवासाचा पुरावा' देणारी व्यापक सेवा पुढे केली, तर माणूस आधार कार्ड किंवा राशन कार्डाची छापील प्रत घेऊन शाळेत जाईल आणि शाळा त्याला परत पाठवेल. कार्यालयं माल विकत नाहीत, एका नेमक्या कायद्याखाली एक नेमका कागद देतात.

दुसरी गोष्ट मुलीनं दाखवली, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. चौकटीत चार गोष्टी आहेत, पण ह्या निबंधातली जुळणी चालते ती 'आत' आणि 'बाहेर' ह्या दोनच गोष्टींवर. आधी काय खरं असावं लागतं, ते जुळणीच्या बाहेर राहतं. माझ्या वहीत माणसं परत गेलेली दिसतात ती नेमकी तिथेच.

१४ जून, शनिवार

"बबा के नाव काटना हे." मंगळसूत्र, हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात सगळे कागद एकत्र. बबा म्हणजे घरातला म्हातारा; ही सून असावी. केंद्रवाल्या पोरानं कीबोर्डला हात लावला नाही. आधी विचारलं, "कब खतम होइस?" दोन महिने झाले. "घर म के अस्पताल म?" घरी. "नगर पालिका म लिखवाए रहेव का?" नाही. "नाव काहां ले काटना हे, राशन कारड ले के जमीन ले?" इथे ती थांबली. तिला राशनच्या दुकानदारानं पाठवलं होतं. जमिनीचं कोणी बोललं नव्हतं, पण जमीन होती, थोडी, बबाच्याच नावावर.

चार प्रश्न, आणि प्रत्येक उत्तरानं एक रस्ता बंद झाला, एक उघडला. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. मृत्यूची खबर २१ दिवसांत दिली तर नोंद साधी. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क. ३० दिवसांपुढे एका वर्षाच्या आत असेल तर वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि एक वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश. म्हणजे 'मृत्यू प्रमाणपत्र' ही यादीत एक सेवा दिसते, पण माणूस कधी गेला ह्यावर ती वेगवेगळी कामं होतात: वेगळं टेबल, वेगळे कागद. दोन महिने, म्हणजे इथे परवानगीचा रस्ता.

ते प्रमाणपत्र हाती आलं की राशन कार्डातून नाव कमी करता येईल. तेच प्रमाणपत्र पुन्हा फौती नामांतरणाला लागेल. आपण महाराष्ट्रात वारस नोंद म्हणतो ते हे काम. मग भुइयां ह्या जमिनीच्या नोंदींच्या पोर्टलवर वारसांची नावं चढतील, बी-१ उताऱ्यावर दिसतील. एका सेवेतून निघालेला कागद दुसरीच्या तोंडात, तिचा तिसरीच्या. शोधनिबंधांत ह्याला सेवांचं संयोजन म्हणतात आणि त्यावर शेकड्यानं लिहिलं गेलंय. तिला पोरानं ते एका कागदावर लिहून दिलं, एकाखाली एक, पहिल्याला गोल करून. "पहिली एला बनवा, बाकी एखर बाद."

यंत्रानं तिचं पहिलं वाक्य ऐकून 'राशन कार्ड: नाव वगळणे' ही सेवा काढून दिली असती, तर शब्दांच्या हिशेबानं ती बरोबरच होती.

१८ जून, बुधवार

"मोर जिंदा वाला" म्हणजे पेन्शनवाल्यांचं हयातीचं प्रमाणपत्र, जीवन प्रमाण. केंद्र सरकारनं ते नोव्हेंबर २०१४ मध्ये डिजिटल केलं. अंगठा किंवा डोळा, आणि २०२१ पासून चेहराही. नंदिनीच्या चुनखडीच्या खाणीवर आयुष्य काढलेल्यांची बोटं पुष्कळदा यंत्राला वाचता येत नाहीत, त्यामुळे चेहऱ्याची सोय आल्यापासून इथली रांग निम्म्या वेळात हलते.

मुलीनं दोन रीती लावून पाहिल्या. निव्वळ शब्द जुळवणाऱ्या प्रोग्रामला 'जिंदा' कुठल्याच सेवेच्या नावात सापडला नाही. दुसरी रीत वाक्याचं संख्यांच्या लांब ओळीत रूपांतर करते आणि अर्थानं जवळची वाक्यं शोधते. तिनं जीवन प्रमाण वर आणलं खरं, पण त्याला खेटून मृत्यू प्रमाणपत्रही आणलं. अर्थाच्या नकाशावर जगणं आणि मरणं शेजारी राहतात. २००६ साली मत्थियास क्लूश आणि सहकाऱ्यांनी ओडब्ल्यूएलएस-एमएक्स नावाचा जुळणीकार केला होता. तो तर्काची जुळणी आणि शब्दांची जवळीक दोन्ही एकत्र वापरायचा, कारण एकट्या तर्कानं चांगल्या सेवा हातच्या सुटायच्या. मिश्रणाचा तो धडा अजून खरा आहे. मुलगी आता तर्काच्या बाजूला 'आधी काय खरं हवं' हे घालणार आहे.

२१ जून, शनिवार

आज नंदिनीकडच्या एक काकू आल्या. मराठीत बोलल्या तशी पोरानं त्यांना माझ्याकडे वळवलं.

"भाऊ, नातवाचं जातीचं होतच नाही म्हणतात. दोनदा वापस आलं."

"काय कारण लिहिलंय, काकू?"

"मिसल नाही म्हणे. आता आमची मिसल इथं कुठून येणार?"

सासरे भंडाऱ्याकडचे. भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता त्या वर्षांत खाणीवर कामाला आले आणि इथलेच झाले. मुलगा भिलाईत जन्मला, नातूही. घरात तिसरी पिढी छत्तीसगडी बोलते.

भिलाईच्या कारखान्याचा भारत-सोव्हिएत करार फेब्रुवारी १९५५ चा. त्या दिवशी भंडारा आणि दुर्ग एकाच राज्यात होते, आणि त्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, दुर्ग नव्या मध्य प्रदेशात राहिलं, आणि २००० साली छत्तीसगडमध्ये आलं. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद ह्यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली तोवर भंडाऱ्याहून इथे येणारा माणूस राज्य ओलांडून येत होता. अशी घरं भिलाईत पुष्कळ आहेत.

अनुसूचित जातींविषयीचा राष्ट्रपतींचा आदेश १० ऑगस्ट १९५० चा. कुटुंबाचं कायमचं राहणं त्या तारखेला कुठे होतं ते पाहतात. इथे त्यासाठी मिसल मागतात, म्हणजे बंदोबस्ताच्या वेळचा महसुली कागद, नाहीतर त्या काळातला दुसरा पुरावा. काकूंच्या सासऱ्यांचं गाव आज महाराष्ट्रात आहे, म्हणून ह्या कुटुंबाचं मूळ राज्य महाराष्ट्र. त्यांची मिसल दुर्ग जिल्ह्यात हरवलेली नाही. ती इथे कधी नव्हतीच.

मागणी 'जाति प्रमाण पत्र', सेवा 'जाति प्रमाण पत्र'. कोणत्याही मोजपट्टीवर तंतोतंत जुळणी. आणि ह्या मुलासाठी ती सेवा चुकीची.

मी विचारलं, "काकू, कागद लावायचा कुठं आहे?" नातू बारावीत गेलाय, पुढच्या वर्षी जेईई देणार. मग हाच प्रश्न निर्णायक. एका राज्यातून दुसऱ्यात गेलेल्या अनुसूचित जातीच्या माणसाचा दर्जा जात नाही, पण राज्याच्या सवलती त्याला मूळ राज्यात मिळतात, नव्या राज्यात नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं १९९० साली हे सांगितलं आणि २०१८ साली पुन्हा सांगितलं. छत्तीसगडच्या कोट्यातल्या जागांसाठी मुलाला ह्या कागदाचा उपयोग नाही. एनआयटीसारख्या केंद्राच्या संस्थेतल्या राखीव जागेसाठी आहे. आणि स्थलांतरितांच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र इथे मागायचं तर वडिलांचं मूळ राज्यातलं प्रमाणपत्र दाखवावं लागतं. वडिलांनी ते कधी काढलंच नाही, कारखान्यातल्या त्यांच्या कंत्राटी कामाला त्याची गरज पडली नाही.

म्हणजे पहिलं पाऊल भंडाऱ्याला. 'आपले सरकार'वर अर्ज, आजोबांच्या शाळेचा दाखला, गावातल्या भावकीतल्या कोणाचं आधीचं प्रमाणपत्र. काकूंनी लगेच सांगितलं, "पुतण्या आहे ना तिथं, त्याच्याजवळ व्हॅलिडिटीसुद्धा आहे." म्हणजे जात पडताळणीपर्यंत झालेला कागद घरातच आहे, तीन-साडेतीन तासांच्या रेल्वे अंतरावर. इतके दिवस हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता, कारण समोरच्या पोर्टलवर महाराष्ट्राच्या सेवा नाहीत आणि महाराष्ट्राच्या पोर्टलला नंदिनीकडच्या काकू ठाऊक नाहीत.

यूडीडीआयच्या काळात नोंदवह्यांनी एकमेकींशी बोलावं ह्यावर भरपूर खल झाला होता. तो कोरडा तांत्रिक विषय म्हणून मी शिकवत आलो. यापुढे शिकवताना हे उदाहरण घेणार आहे.

२३ जून, सोमवार

परवाच्या विषयाला जोडूनच. छत्तीसगडच्या अनुसूचित जातींच्या यादीत 'मेहरा, महार, मेहर' अशी नोंद होती. ज्यांच्या महसुली कागदावर 'महारा' किंवा 'महरा' लिहिलं गेलं होतं, ती माणसं त्याच समाजाची असून यादीबाहेर राहिली. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेनं कायदा करून ही दोन रूपं समानार्थी म्हणून यादीत घातली. अनुसूचित जमातींच्या यादीतही त्याच वर्षी इथल्या 'भारिया भूमिया'ला 'भुइयाँ' आणि त्याची वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेली रूपं जोडली गेली. एका कान्यासाठी माणसांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली.

मुलगी म्हणाली, "सर, आमचा प्रोग्राम तर महरा आणि महार एका क्षणात जवळ आणतो." आणतो, आणि आणायलाच हवं, शोधण्यासाठी. पण जवळचा शब्द सापडला म्हणजे हक्क सिद्ध झाला, असं यंत्रानं माणसाला कधीही भासवू नये. दोन्ही गोष्टी पडद्यावर वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत: तुम्हाला बहुधा हे हवंय, आणि त्यासाठी कायद्यानं हे लागतं.

२७ जून, शुक्रवार

रजुतिया, म्हणजे इथली रथयात्रा. रथाच्या गर्दीमुळे सेंटर दुपारी बंद. मुलगी फोनवर ओएनडीसी ह्या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या खुल्या जाळ्याबद्दल विचारत होती. त्या जाळ्याची कंपनी २०२१ च्या डिसेंबरअखेर स्थापन झाली आणि ते बेकन नावाच्या खुल्या संकेतप्रणालीवर चालतं. तिथे ग्राहकाच्या ॲपकडून 'सर्च' निघतो, मधला गेटवे तो जाळ्यातल्या विक्रेत्यांकडे पसरवतो, आणि ज्याच्याकडे माल आहे तो आपणहून 'ऑन-सर्च' पाठवतो. मग निवड, मग नक्की करणं. मोठी वही एका जागी सांभाळायला नको, जिवंत असेल तोच उत्तर देईल. यूडीडीआयमधल्या शिळ्या नोंदींवर हा उत्तम उतारा आहे.

सरकारी सेवांना हे लावता येईल का? मला शंका आहे. विक्रेता उत्तर देतो कारण त्याला विकायचं असतं. कार्यालयाला गप्प राहून काही गमवावं लागत नाही, गमावतो तो अर्जदार. मात्र 'मी हे देऊ शकतो, माझ्या अटी अशा' हे सेवेनं स्वतः, त्या दिवशीच्या नियमानुसार सांगावं, एवढा भाग उचलण्यासारखा आहे.

५ जुलै, शनिवार

"पइसा नइ आवत हे." महतारी वंदनचे हजार रुपये. योजना मार्च २०२४ पासून चालू आहे, विवाहित बाईच्या खात्यात दरमहा थेट. समोरच्या बाईला आधी येत होते, चार महिने येत नाहीत.

मुलीनं लॅपटॉपवर नव्या पिढीचं लँग्वेज मॉडेल जोडून आणलं होतं. ह्या मॉडेलांना २०२३ पासून सेवांची यादी वर्णनासकट देता येते. मॉडेल वाक्य वाचून कोणती सेवा हाकारायची ते ठरवतं आणि तिचे रकानेही भरतं. यूडीडीआयवाल्यांनी पाहिलेलं स्वप्न जवळजवळ पुरं झाल्यासारखं. छत्तीसगडी त्याला बऱ्यापैकी कळली, आणि हे मी आनंदानं लिहितोय. छत्तीसगडी २००७ पासून राज्याची राजभाषा आहे, पण आठव्या अनुसूचीत नाही, आणि देशी भाषांसाठीची पुष्कळशी संगणकी साधनं ती अनुसूची धरून बनतात.

मॉडेलनं महतारी वंदन ओळखलं आणि नवा अर्ज भरायला घेतला. रकाने नीटनेटके भरत गेलं. पोरानं हात वर केला. "रुको मॅडम. बहिनी, बीच म दूसर बैंक म खाता खोलवाए हस का?" खोललं होतं, बचत गटासाठी. तिथे आधार जोडलं होतं. थेट लाभाचे पैसे, आधारशी जोडलेल्या खात्यांपैकी एनपीसीआयच्या नोंदीत जे शेवटी चढलं असेल, त्या खात्यात जातात. आधारच्या वेबसाइटवर बँक जोडणीची स्थिती पाहिली: दुसरी बँक. तिचे पैसे थांबलेच नव्हते. चारही महिन्यांचे त्या खात्यात पडून होते आणि तिला त्याचा मेसेज येत नव्हता, कारण तिथे नंबर नवऱ्याच्या जुन्या सिमचा.

बाई आधी रडली, मग हसली, मग पोराच्या फीचे शंभराऐवजी पन्नास घे म्हणून भांडली. त्यानं काहीच घेतलं नाही.

नवा अर्ज गेला असता तर 'आधीच लाभार्थी' म्हणून फेटाळला गेला असता, आणि तिनं तो कागद नाकारल्याचा पुरावा म्हणून जपून ठेवला असता. मॉडेल शब्द उत्तम समजतं. त्याला हातातल्या यादीतून काहीतरी निवडायची घाई असते, आणि इथे योग्य सेवा यादीतच नव्हती, ती बँकेच्या काउंटरवर होती. तिथे त्यानं थांबून विचारायला शिकलं पाहिजे. हे अशक्य नाही. केंद्राच्या मायस्कीम पोर्टलवर, २०२२ पासून, वय, राज्य, उत्पन्न, प्रवर्ग असे प्रश्न विचारूनच योजना पुढे करतात. त्याच वर्षी छत्तीसगडच्या शहरांत मितान योजना निघाली. १४५४५ ला फोन केला की पलीकडचा माणूस कोणता दाखला, कोणते कागद आहेत हे विचारून घरी माणूस पाठवण्याची वेळ ठरवायचा. दोन्हींत प्रश्न आधी येतो. पण दोन्ही नवी सेवा मागणाऱ्यासाठी. मिळत असलेलं मध्येच अडलं, तर त्या माणसासाठी ह्या दोन्हींत दार नाही, आणि माझ्या वहीत अशांची पानं सगळ्यात जास्त भरलीत.

२४ जुलै, गुरुवार

हरेली, इथला शेतकऱ्यांचा सण. सकाळी गल्लीतल्या पोरांच्या गेंड्यांची (पाय ठेवून चालायच्या बांबूंची) खटखट, दारांवर कडुनिंबाच्या डहाळ्या. सेंटर उघडं होतं पण गिऱ्हाईक नाही, त्यामुळे तिघं निवांत बसून रचना पक्की केली.

प्रत्येक सेवेचं एक कार्ड. त्यावर सेवा काय देते आणि कोणते कागद लागतात हे तर आहेच. त्याखाली, कोणती तारीख, कोणतं ठिकाण, कोणतं नातं असेल तर ही सेवा लागू नाही, ते स्पष्ट शब्दांत. मग तो एक प्रश्न, ज्याच्या उत्तरानं रस्ता ठरतो: मृत्यूसाठी 'कब', जातीसाठी 'काहां लगाना हे' आणि 'पचास म काहां रहेव', अडलेल्या पैशासाठी 'दूसर खाता'. आणि कार्डाच्या मागे लोकांनी खरोखर म्हटलेली वाक्यं, वहीतून जशीच्या तशी. यंत्र जवळची कार्डं काढेल, पण दोन कार्डं उरली असतील तर सेवा न हाकारता प्रश्न विचारेल. एकही बसत नसेल तर तसं सरळ म्हणेल, आणि दुसऱ्या राज्याची किंवा बँकेची वाट माहीत असेल तर ती दाखवेल.

मुलीला काळजी कार्डं जुनी होण्याची. रास्त आहे, यूडीडीआय त्यानंच गेलं. तिनं प्रत्येक कार्डावर 'शेवटचं तपासलं' अशी तारीख घातली आणि ठरावीक मुदत उलटली की कार्ड जुळणीतून आपोआप बाजूला पडेल, असं केलं. मग तपासणार कोण? पोरगा म्हणाला, अर्ज परत आला की कारण त्यालाच सगळ्यात आधी कळतं, तेव्हा परत आलेल्या अर्जाचं कारण कार्डावर टाकायचा हक्क सेंटरला द्या. हे मला मनापासून पटलं. शोधनिबंधांत सेवा देणारा असतो आणि मागणारा असतो. मधे बसून रोज दोघांची गाठ घालणाऱ्याला तिथे जागाच नाही. मुलीनं तिथल्या तिथे त्याच्यासाठी रकाना उघडला.

प्रबंधाच्या मार्गदर्शक समितीला आकडे लागतील, अचूकता वगैरे. ते ती देईल. मी तिला आणखी एक आकडा ठेवायला सांगितलाय: किती जणांचा अर्ज पहिल्या फेरीत मंजूर झाला. त्यासाठी अर्ज टाकल्यानंतर महिनाभर वाट पाहावी लागेल, आणि प्रबंधाची तारीख पुढे जाईल. ती तयार आहे.

सोमवारपासून ती धमध्याच्या एका सेंटरवर बसणार. तिथे शेतीवाले जास्त, खाणीचे पेन्शनवाले जवळजवळ नाहीत. हेच प्रश्न तिथे चालतात का, की कार्डं नव्यानं लिहावी लागतात, ते पाहायचं. कोरी वही तिला आजच दिली.